तात्यांचं मंत्रिमंडळ आणि तुमचं डायनिंग टेबल

(पत्र आणि उत्तर २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमधलं. पत्र मोठं होतं, थोडं कापून देत आहे.)

सप्रेम नमस्कार,

आम्ही दोघं गेली नऊ वर्षं मुलाकडे टेक्सासात, डॅलसजवळ राहतो. ग्रीनकार्ड आहे, मत नाही. मुलगा आयटीत, सून लहान मुलांची डॉक्टर, दोघंही आता इथले नागरिक. नातू मार्चअखेर वर्षाचा होईल.

ट्रम्प निवडून आले तेव्हाही घरात दोन मतं होती, पण हसण्यावारी जायचं. हे त्यांना ‘तात्या’ म्हणतात, सून डोळे फिरवायची, मी वरण वाढायचे. मंत्र्यांची नावं यायला लागली आणि बिघडलं. एफबीआयसाठी नाव आलेले काश पटेल सिनेटपुढे आईवडिलांना ‘जय श्रीकृष्ण’ म्हणाले तो व्हिडिओ ह्यांनी असेल-नसेल त्या ग्रुपवर टाकला. गुप्तचर खात्यांसाठी नाव आलेल्या तुलसी गॅबार्ड तर ‘आपली पोरगी’. सुनेचं सगळं लक्ष आरोग्य खात्यासाठी आलेल्या केनेडींच्या नावावर. २ फेब्रुवारीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं, त्यात इथल्या मराठी मंडळातल्या बायकांचीही जुंपली. दुसऱ्या दिवशी सुनेने दवाखान्यात जाण्याआधी दोन्ही सिनेटरांच्या ऑफिसात फोन केले. हे म्हणाले, “तुझ्या फोनसाठीच थांबलेत ते.” ती म्हणाली, “बाबा, तुमच्या टोळीचंच राज्य आलंय आता.” हे ताटावरून उठले. तेव्हापासून साडेसहालाच आपल्या खोलीत जेवतात.

आता इथे पश्चिमेकडे गोवराची साथ आहे, एक मूल गेलं. सून म्हणाली, वाढदिवस झाला की लगेच बाळाला एमएमआर, म्हणजे गोवराची लस देऊ. हे फोनमधून मान वर न करता म्हणाले, “एवढी घाई कशाला? आता मंत्रीच शंका काढतायत. थांबू की महिनाभर.” सून उठून गेली. मुलगा म्हणतो, आई, तूच बघ.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ह्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. साताऱ्यात आमच्या एकत्र घरात रोज सकाळी अंघोळ झाली की भाऊजी पाटावर बसून लोखंडी बूट चढवायचे. गुडघ्याशी कडी बसल्याचा कट् असा आवाज यायचा, तो आला की सासूबाई चहा टाकायच्या. अजूनही त्यांचा तोच क्रम आहे.

मी कोणाच्या बाजूने बोलू? सुनेच्या फोनचा काही उपयोग झाला का? अशी माणसं मंत्री होतातच कशी? आणि आपले श्री ठाणेदार तिथे खासदार आहेत ना, ते का अडवत नाहीत?

– एक आजी, टेक्सास

ताई,

तुमच्या पत्रात अमेरिकेतल्या मोठ्या लोकांची नावं ढीगभर आहेत आणि मुलाच्या वाट्याला एकच वाक्य आलंय: ‘आई, तूच बघ.’ त्याच्याकडे मी शेवटी वळणार आहे.

आधी सोपा प्रश्न निकालात काढते. बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटकडून निवडून गेलेत ते प्रतिनिधिगृहात. मंत्र्यांच्या नेमणुकीत त्या सभागृहाला मतच नाही. त्यांनी बोलायचं म्हटलं तर ते तुमच्या-माझ्यासारखंच, काठावर उभं राहून. मत असतं सिनेटच्या शंभर जणांना. राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचं, सिनेटच्या समितीने त्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारायचे, मग सगळ्या सिनेटने हो किंवा नाही म्हणायचं. त्यांच्या राज्यघटनेत यासाठी शब्द आहेत ‘सल्ला आणि संमती’. सल्ल्याचं सदर चालवणाऱ्या बाईला हे शब्द किती आवडले असतील ते सांगायला नको. पुढे तुमच्या घरासाठी मी तेच वापरणार आहे.

आपल्याकडे यातलं काहीच नाही, म्हणून तुमच्या यजमानांना सुनावणीचा तो सगळा प्रकार छळ वाटत असणार. तिकडे वॉशिंग्टनमध्ये नावांवरून रणकंदन चाललं होतं, त्याच डिसेंबरात, १५ तारखेला, नागपुरात ३९ मंत्र्यांचा शपथविधी एका बैठकीत उरकला. कोणाला कुठलं खातं मिळणार हे आपण नंतर बातम्यांत वाचलं. कोणा आमदाराने भावी मंत्र्याला समोर बसवून ‘तुम्हाला या खात्यातलं काय कळतं?’ असं विचारल्याचं मला तरी आठवत नाही. आपण मंत्री झाल्यावर चिडतो, ते होण्याआधी चिडून घेतात.

आता ‘होतातच कशी’. ताई, हे संताप बाजूला ठेवून आकड्यांत बघा. या सिनेटमध्ये ट्रम्प यांच्या पक्षाचे ५३ जण आहेत. बरोबरी झाली तर उपराष्ट्राध्यक्षाचं मत. म्हणजे आपल्याच पक्षातले तीन फुटले तरी काम होतं, चौथा फुटला की संपलं. गेल्या चार महिन्यांतला सगळा गदारोळ, टीव्हीवरचा, रस्त्यावरचा, तुमच्या हळदीकुंकवातला, शेवटी त्या चौथ्या माणसापर्यंत पोचतो की नाही एवढाच होता.

मॅट गेट्झ यांच्या बाबतीत पोचला. १३ नोव्हेंबरला त्यांचं नाव ॲटर्नी जनरलसाठी, म्हणजे तिथल्या कायदामंत्रिपदासाठी, जाहीर झालं, त्याच दिवशी त्यांनी खासदारकी सोडली, आणि २१ नोव्हेंबरला स्वतःच माघार घेतली. आठ दिवस! आपल्याकडे लग्नाचा हॉल शोधायला याहून जास्त लागतात. त्यांच्यावरचे आरोप गंभीर होते, त्यांनी ते नाकारले होते, खटला कधी भरला गेला नव्हता. पण त्यांच्याच पक्षातल्या पुरेशा सिनेटरांनी ‘आमचं मत धरू नका’ असं आतून कळवलं, आणि मतदानापर्यंत गोष्ट गेलीच नाही. बहुतेक वेळा असंच होतं. भर सभागृहात मतदान होऊन मंत्रिपदाचं नाव पडलं, असं अमेरिकेच्या सगळ्या इतिहासात नऊच वेळा झालंय. शेवटचे जॉन टॉवर, १९८९ साली, संरक्षणमंत्रिपदासाठी. बाकीचे आधीच शहाणे होतात.

पीट हेगसेथ यांच्या बाबतीत मात्र चौथा सापडला नाही. टीव्हीवरचे निवेदक, माजी सैनिक, एकदम जगातल्या सगळ्यात मोठ्या संरक्षण खात्याचे प्रमुख. दारूवरून, बायकांशी वागणुकीवरून आरोप झाले, त्यांनी ते नाकारले, मंत्री झालो तर थेंबाला शिवणार नाही असंही सांगून टाकलं. २४ जानेवारीला मतं पडली ५० विरुद्ध ५०. मॅकॉनेल, मर्कोव्स्की आणि कॉलिन्स हे त्यांच्याच पक्षाचे तिघं विरोधात. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी येऊन आपलं मत टाकलं आणि ते पास झाले. मंत्र्यासाठी उपराष्ट्राध्यक्षाला असं मत टाकावं लागल्याची ही दुसरीच वेळ. पहिली २०१७ मध्ये, शिक्षणमंत्री बेट्सी डेव्होस यांच्यासाठी.

इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, यजमानांनाही आवडेल. १९२५ साली कूलिज राष्ट्राध्यक्ष असताना ॲटर्नी जनरलसाठी चार्ल्स वॉरन यांचं नाव होतं. मतं पडली ४०-४०. उपराष्ट्राध्यक्ष डॉज यांचं एक मत हवं होतं, आणि डॉजसाहेब विलर्ड हॉटेलात वामकुक्षी घेत होते! टॅक्सीने धावतपळत येईपर्यंत एका सिनेटरने मत फिरवलं आणि वॉरन पडले. दुपारच्या झोपेवरून तुम्ही ह्यांना बोलता असं पत्रात दुसरीकडे लिहिलंय. बोला, आता दाखला आहे.

असो. या प्रकरणातली मला खरी बोचली ती गोष्ट वेगळी आहे. हेगसेथ यांच्या आईने २०१८ मध्ये, मुलाच्या घटस्फोटाच्या काळात, रागाच्या भरात त्याला एक ईमेल लिहिलं होतं. तू बायकांशी नीट वागत नाहीस, अशा अर्थाचं, आणि फार कडक शब्दांत. लगोलग तिने त्याची माफीही मागितली होती म्हणे. सहा वर्षांनी ते ईमेल वर्तमानपत्रात छापून आलं, आणि त्या बाईला टीव्हीवर बसून सांगावं लागलं की माझा मुलगा तसा नाही. मुलगा कसा आहे यावर सिनेटने काय ठरवायचं ते ठरवलं. मी आपली त्या आईचाच विचार करत बसले. घरात चिडून उच्चारलेला शब्द घरातच मागे घेतला तर विरतो. बाहेर गेला की तो कोणाच्याच बापाचा राहत नाही.

तुमच्या घरात तसा शब्द आहे ‘टोळी’.

सुनेचं लशींबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे असं मला वाटतं. तो शब्द चुकला. ‘बाबा, केनेडींचं नाव मला धोक्याचं वाटतं’ हे मत झालं. ‘तुमची टोळी’ म्हटल्यावर समोरच्या माणसाकडे दोनच वाटा उरतात: त्या टोळीत जाऊन बसायचं, किंवा ताटावरून उठायचं. ह्यांनी दोन्ही केलं. तिने तेवढा एक शब्द मागे घ्यावा, मत घेऊ नये. आणि हे तिला तुम्ही सांगू नका, सासूने सांगितलं की ते वेगळंच ऐकू येतं.

आता यजमानांची बाजू. त्यांची बाजू नाहीच असं समजून कोणी त्यांच्याशी बोलू नये. लोकांनी ट्रम्प यांना डोळे उघडे ठेवून निवडून दिलंय, आणि आपली माणसं निवडायचा हक्क निवडून आलेल्याला असतो. मंत्र्यांच्या नावावरची चर्चा साठ मतांऐवजी साध्या बहुमतावर थांबवून मतदान घेता येतं तो नियमही डेमोक्रॅट पक्षानेच २०१३ मध्ये केला, तेव्हा तो त्यांच्या सोयीचा होता. बायडन यांच्याही निवडी पडल्या आहेत. नीरा टंडन यांना २०२१ मध्ये माघार घ्यावी लागली, जुन्या तिखट ट्वीटांपायी, आणि त्याही भारतीय वंशाच्याच होत्या. सरसकट सगळ्याच नावांवर बोंब झाली असंही नाही. परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ ९९ विरुद्ध ० ने पास झाले, विरोधकांनीही हात वर केले. हे सगळं सुनेने मोकळेपणी मान्य केलं तर तिचं पुढचं म्हणणं ऐकायला ह्यांचा कान उघडा राहील.

पण ‘आपली पोरगी’? तुलसी गॅबार्ड हिंदू आहेत, गीतेवर हात ठेवून त्यांनी खासदारकीची शपथ घेतली होती, सगळं खरं. भारतीय मात्र त्या नाहीत. जन्म अमेरिकन सामोआचा, आईने हिंदू धर्म स्वीकारला म्हणून नाव तुलसी. काश पटेल यांचं घराणं गुजराती, पूर्व आफ्रिकेतून आलेलं, आणि ज्या पदावर त्यांना २० फेब्रुवारीला ५१-४९ ने बसवलं ते एफबीआयचं संचालकपद मंत्रिमंडळात धरतच नाहीत. आईवडिलांना वाकून नमस्कार करणारा मुलगा बघून तुमच्या यजमानांचा ऊर भरून आला, त्यात गैर काय? माझाही आला क्षणभर. पण तो नमस्कार त्या पदाचा नव्हे. गॅबार्ड यांना सुनावणीत खोदून खोदून विचारलं ते सरकारी गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनबद्दल आणि २०१७ मध्ये दमास्कसला जाऊन सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष असद यांना भेटल्याबद्दल, कारण त्यांना मिळणार होती ती सगळ्या गुप्तचर खात्यांच्या डोक्यावरची खुर्ची. तुळशीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

माझ्या सोसायटीतली गोष्ट सांगते. नव्या चेअरमनने खजिनदार नेमला तो स्वतःचा साडू. वार्षिक सभेत आम्ही तुटून पडलो. मी स्वतः वीसेक मिनिटं बोलले, घराणेशाहीपासून रोमन साम्राज्यापर्यंत कुठेकुठे जाऊन आले. साडूच्या बाजूचे लोक तेवढ्याच जोरात. वेफर्स संपले, सामोसे गार झाले. तेव्हा तळमजल्यावरचे एक निवृत्त पोस्टमास्तर उभे राहिले आणि म्हणाले, “बँकेचं पासबुक कोणाकडे असतं? दर महिन्याच्या पाच तारखेला ते नोटीस बोर्डाच्या काचेत लावायचं, मग खजिनदार कोणीही असो.” ठराव झाला. साडू चांगला निघाला की वाईट हा प्रश्नच उरला नाही. मला मात्र अजून ती वीस मिनिटं आठवली की कानकोंडं होतं.

सिनेटमध्ये हे पासबुक मागायचं काम केनेडींच्या सुनावणीत झालं, आणि तुमच्या घरासाठी तो भाग महत्त्वाचा आहे.

केनेडी म्हणजे त्या प्रसिद्ध घराण्यातलेच, रॉबर्ट केनेडींचे चिरंजीव. लशींबद्दल वर्षानुवर्षं शंका पसरवत आलेला माणूस आरोग्य खात्यावर. पंचाहत्तराहून जास्त नोबेल विजेत्यांनी सिनेटला पत्र लिहिलं की हे नाव नाकारा. चुलतबहीण कॅरोलाइन केनेडी हिने सिनेटरांना पत्र लिहून त्याचे वाभाडे काढले. २९ जानेवारीला बर्नी सँडर्स यांनी काय केलं असेल? तान्ह्या बाळाच्या झबल्यांचे फोटो समोर धरले. केनेडींनी स्थापन केलेली संस्था ती झबली विकत होती, एकेक २६ डॉलरला, आणि छातीवर लिहिलेलं ‘लस नाही, भीती नाही’ अशा अर्थाचं. सँडर्स विचारत होते, या झबल्यांना तुमचा पाठिंबा आहे का? केनेडी म्हणाले, मी त्या संस्थेतून बाहेर पडलोय, मी लसविरोधी नाही. सँडर्स झबली सोडेनात. मला ते दृश्य फार आवडलं. धोरण, विचारसरणी, स्वातंत्र्य असल्या गोल शब्दांत दोघंही तासभर काढू शकले असते.

दुसऱ्या दिवशी लुइझियानाचे सिनेटर बिल कॅसिडी बोलले. तेही ट्रम्प यांच्याच पक्षाचे, आणि पेशाने यकृताचे डॉक्टर. त्यांनी आपल्या एका अठरा वर्षांच्या पेशंटची गोष्ट सांगितली. हेपॅटायटिस बी होऊन यकृत निकामी झालं, हेलिकॉप्टरने हलवावं लागलं, पुढे प्रत्यारोपण. पन्नास डॉलरच्या लशीने ते टळलं असतं. निर्णय जड जातोय असं ते उघड म्हणाले. सगळ्या देशाचे डोळे त्यांच्यावर. आणि ४ फेब्रुवारीला समितीत त्यांनी होकार दिला, १४-१३. बदल्यात आश्वासनं घेतली: लशींबद्दल सल्ला देणारी तज्ज्ञांची समिती जशीच्या तशी ठेवायची, लशींनी ऑटिझम होत नाही हा सरकारी संकेतस्थळावरचा मजकूर काढायचा नाही, वगैरे. आश्वासनं तोंडी आहेत. पाच तारखेला ते पासबुक काचेत लागतं का, हे कॅसिडींच्या राज्यातल्या लोकांनी बघायचं. मला स्वतःला विचाराल तर डॉक्टरसाहेबांनी पेशंटची गोष्ट सांगून मत दुसरीकडे टाकलं.

म्हणजे सुनेचे फोन वाया गेले का? खरं सांगते. तिने फोन केलेल्यांपैकी सिनेटर कॉर्निन त्या समितीत आहेत, म्हणजे नंबर बरोबर होता. पण ते डगमगणाऱ्यांतले नव्हते आणि निर्णायक मत लुइझियानात होतं. टेक्सासच्या बाईचा फोन तिथे मोजत नाहीत, प्रत्येक ऑफिस आपापल्या राज्यातलेच मोजतं. तरी मोजतात. पलीकडची पोरगी ‘थँक यू, कळवते’ म्हणाली असेल आणि वहीत एक रेघ ओढली असेल. फेब्रुवारीत तर एरवी मिनिटाला चाळीसेक फोन येणाऱ्या सिनेटमध्ये सोळाशे येत होते असं मर्कोव्स्कीबाईंनी सांगितलं. सुनेला म्हणावं, फोन करत राहा. मात्र ‘हा माणूस नको’ म्हणणारा फोन आता संपला, माणूस खुर्चीत बसला. आता ‘ती तज्ज्ञांची समिती आहे तशीच आहे ना?’ म्हणून विचार. ती रोज पोरांना तपासते, तिच्या तोंडचं एक वाक्य माझ्या वीस मिनिटांपेक्षा वजनदार आहे.

१३ फेब्रुवारीला केनेडी ५२-४८ ने मंत्री झाले. त्यांच्या पक्षातून विरोधात गेलं ते एकच मत, मिच मॅकॉनेल यांचं. तेव्हा त्यांचं वय ८२. या पक्षाचे ते वर्षानुवर्षं सिनेटमधले नेते होते, ट्रम्प यांचे कितीतरी न्यायाधीश त्यांनीच पार करून दिले. डाव्या विचारांचा वास त्यांना कोणी लावू शकणार नाही. दोन वर्षांचे असताना, १९४४ मध्ये, त्यांना पोलिओ झाला. आईने दोन वर्षं त्यांच्या पायाला व्यायाम दिला, चालू दिलं नाही, तेव्हा पाय वाचला. मतदानानंतर त्यांनी निवेदन काढलं, त्यात ते स्वतःच्या पोलिओबद्दल बोलले.

ताई, हे नाव तुमच्या यजमानांना सुनेने सांगून उपयोग नाही. तुम्हीही सांगू नका. त्यांच्या घरात एक मॅकॉनेल आहे.

लशीबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. तिथे पहिली एमएमआर बारा ते पंधरा महिन्यांत देतात. तुमच्या राज्यात गोवराचे शंभरावर रुग्ण निघाले, लस न घेतलेलं शाळकरी मूल लबकला दगावलं. मंत्री म्हणाले, अशा साथी काही नवीन नाहीत. तुमच्या घरापासून ते पाच-सहा तासांचा रस्ता, आणि गोवर हवेतून फिरतो. नातवाला डोस वेळेवर मिळाला पाहिजे. इथे महिनाभर थांबण्याला कारण नाही, ह्यांना ते कारण सुनेवरच्या रागातून सुचलंय. लशीबद्दल त्यांना खरोखर शंका असती तर नऊ वर्षांत एकदा तरी बोलले असते. मत नाही, नोकरी नाही, गाडी मुलगा चालवतो. फोनवरच्या बातम्या आणि ‘तात्या’ एवढं एक स्वतःचं होतं, त्यावर पोरीच्या वयाच्या सुनेने टोळीचा शिक्का मारला. मग जिथे तिला लागेल तिथे त्यांनी बोट ठेवलं.

तर सल्ला आणि संमती. नातवाच्या लशीबाबत आजी-आजोबांना पहिला अधिकार पुरेपूर आहे, दुसरा बिलकूल नाही. संमती आईबापांची. आणि त्यातला बाप कुठे आहे? ‘आई, तूच बघ’ म्हणून तो बरोबरीच्या वेळी हॉटेलात झोपलाय. त्याला उठवा. त्याने आज रात्री वडिलांच्या खोलीत जाऊन सांगायचं, बाबा, डोस अमुक तारखेला आहे, आम्ही दोघांनी ठरवलंय, तुम्ही गाडीत बाळाला धरून बसाल का? एवढंच. केनेडींचं नाव नाही, तात्यांचं नाही, बायकोचंही नाही. ही बातमी सुनेच्या तोंडून गेली तर ते राजकारण होईल, तुमच्या तोंडून गेली तर कारस्थान.

‘जेवताना राजकारण बंद’ असा नियम करू नका. तो आठवडाभर टिकतो आणि टेबलावर मग फक्त चमच्यांचे आवाज येतात. नियम करायचाच तर असा करा: नाव घेतलं की खात्याचं कामही सांगायचं. पटेल म्हणालात तर एफबीआय काय करते तेही बोला. तुमच्या यजमानांना ते आवडेल, बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस आहे, खातं म्हटलं की त्याचे कान उभे राहतात.

तुम्ही कोणाच्या बाजूने बोलायचं? कोणाच्याच नको, या आठवड्यात तरी. साडेसहाला त्यांच्या खोलीत दोन ताटं घेऊन जा. एकटं जेवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त राग येतो तो आपल्याला कोणी बोलवायला आलं नाही याचा.

आणि भाऊजींना फोन. गेल्या दिवाळीनंतर दोघा भावांचं बोलणं नाही असं तुम्ही लिहिलंय, भांडण म्हणून नाही, राहून गेलं म्हणून. तुम्ही लावा आणि ह्यांच्या हातात द्या. लशीचं काही काढू नका, ‘नातू कसा आहे’ म्हणून तेच विचारतील. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले की साताऱ्यात साडेआठ. अंघोळ उरकून ते पाटावर बसायला आलेले असतील. स्पीकरवर ठेवा.